पाणी कोणाचे? – घरबांधणीच्या करारातील मौनाविषयी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघू लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. उन्हाळा लागेपर्यंत कित्येक घरांत म्हातारी माणसे आणि दारांवर कुलपे एवढेच उरते.

याच सुमारास बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या शहरांत घरबांधणीचा हंगाम सुरू होतो. पाऊस थांबलेला असतो, बोअरला पाणी असते, सोयाबीन-कापसाचे चार पैसे हातात आलेले असतात. गवंडी मिळतो, पण त्याच्या हाताखाली घमेले उचलणारा बिगारी कारखान्यावर गेलेला असतो. काम रेंगाळते. रेंगाळलेल्या कामाचा खर्च घरमालकाने सोसायचा की ठेकेदाराने, हा प्रश्न मग उभा राहतो. त्याचे उत्तर ज्या कागदावर असायला हवे, त्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘वरील काम मी अमुक दराने वेळेत पूर्ण करून देईन.’

घरबांधणीतील भांडणे लबाडीतून होतात असा आपला सर्वसाधारण समज आहे. काही होतातही. परंतु न्यायनिर्णय वाचत गेले की दिसते, बहुतेक वादांचे मूळ कागदाच्या मौनात असते. जे घडू शकते हे दोघांनाही ठाऊक होते, पण ज्याविषयी बोलणे दोघांनीही टाळले, तेच पुढे न्यायालयात जाते. ते मौन कुठे कुठे असते आणि ते कसे मोडायचे, हे या लेखात पाहायचे आहे.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू

उदाहरणादाखल एक घर कल्पू. बीड शहराच्या कडेला, नव्या वसाहतीत एका निवृत्त शिक्षकाचा भूखंड आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातात आहे आणि त्यांना हजार चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. ओळखीतला एक ठेकेदार आहे. स्वतः गवंडीकाम करत वर आलेला, हाताखाली आठ-दहा माणसे. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. दर चौरस फुटाचा ठरतो, मालासह. मुद्रांकावर पाऊण पान मजकूर टंकलिखित होतो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि नारळ फुटतो.

या व्यवहारात दुबळे कोण? शिक्षकांची आयुष्याची पुंजी पणाला लागली आहे. पण मिस्त्रीही तसाच उघडा आहे. शनिवारी त्याला मजुरांचा पगार करावाच लागतो, सिमेंट-लोखंडाच्या दुकानात त्याची उधारी आहे. एक हप्ता अडला तर त्याचे दुसरे कामही अडते. करार नीट असावा, ही गरज दोघांचीही आहे.

तोंडी करार कायद्याने चालतो. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या मराठवाड्याला तो १९५१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये करार लेखीच असावा अशी सरसकट अट नाही. अडचण पुराव्याची आहे. आणि एकदा कागद केला की वेगळीच अडचण सुरू होते : लेखी कराराच्या अटींना छेद देणारे तोंडी बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून सहसा चालत नाही. जुन्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो कायम ठेवला. म्हणजे ‘तसं बोलणं झालं होतं’ हे वाक्य करार लिहिण्यापूर्वी जेवढे मोलाचे, तेवढेच तो लिहिल्यावर दुबळे. अपुरा कागद कधी कधी कागद नसण्यापेक्षाही महाग पडतो, तो यामुळे.

पाया : जमिनीखालचे मौन

बीडच्या पुष्कळ भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकवलेला पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदावे लागते. तो चार फुटांवर लागेल की नऊ, हे वरून दिसत नाही.

आपल्या उदाहरणात पाचव्या फुटावर मिस्त्री म्हणतो, “सर, खाली अजून काळीच हाय.” आता खोदकाम वाढणार, काँक्रीट वाढणार, लोखंडही वाढणार. शिक्षकांच्या मते दर ‘घराचा’ ठरला आहे आणि पाया घरातच आला. मिस्त्रीच्या मते दर ‘नेहमीच्या’ पायाचा होता. दोघेही खरे बोलत आहेत. मग तडजोड म्हणून सहा फुटांवर पाया थांबवला जातो, आणि या तडजोडीची किंमत तीन-चार वर्षांनी घर मोजते.

उपाय साधा आहे. दर ठरवण्यापूर्वी भूखंडावर दोन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यावेत. तेवढ्यानेही खात्री होत नसेल तर करारात असे लिहावे : ‘जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचे खोदकाम व पाया ठरलेल्या दरात. त्याखाली जावे लागल्यास मालक, ठेकेदार व अभियंता यांनी मिळून माप घ्यावे आणि सह्या कराव्यात. जादा खोदकाम दर ब्रासला अमुक रुपये, जादा काँक्रीट दर ब्रासला अमुक रुपये.’ या तीन वाक्यांनी जमीन बदलत नाही. पण ती जशी निघेल तशी स्वीकारण्याचा हिशेब आधीच मांडलेला राहतो.

मोजणीचेही तसेच. चौरस फूट म्हणजे स्लॅबचे क्षेत्र की आतल्या खोल्यांचे? जिना, सज्जा, पोर्च, पाण्याची टाकी, संडासाचा शोषखड्डा यांचे काय? प्रत्येक ठेकेदाराची पद्धत निराळी असते. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द करारात दिसला की समजावे, तिथे दोन वेगवेगळ्या सवयी एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत.

पाणी

खजाना विहीर ज्या शहरात आहे, त्या शहरात पाण्याचे मोल सांगायला नको. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधलेल्या त्या विहिरीने भूमिगत पाटांवाटे दूरवर पाणी पोचवले. पण घरबांधणीच्या करारात पाण्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून ते घट्ट होते. म्हणून स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवतात, खांबांना ओली पोती गुंडाळतात. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक ४५६ सांगते, की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी द्यावे आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. बाजारात आज मिळणारे पुष्कळसे सिमेंट मिश्रित प्रकारचेच असते आणि मार्च-एप्रिलमधली बीडची हवा उष्ण व कोरडी असते. तेव्हा चौदा दिवस.

डिसेंबरात सुरू झालेले काम मजुरांअभावी रेंगाळले की स्लॅब मार्च-एप्रिलमध्ये पडतो. तोवर बोअर आटलेला असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी बांधकामाला टँकर घ्यायचा तर पैसे कोणी द्यायचे? करार गप्प असेल तर बहुधा कोणीच देत नाही. चौदा दिवसांचे चार दिवस होतात. स्लॅब दिसायला तसाच दिसतो, फक्त त्याचे बळ कमी भरते.

मालकाने पाणी पुरवायचे, की ठेकेदाराने. टँकर लागल्यास खर्च कोणाचा. स्लॅबला किती दिवस पाणी द्यायचे आणि त्याची नोंद कोणी ठेवायची – एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे. एका साध्या वहीत तारखेसह रोज सही करणे हा उत्तम पुरावा आहे.

वेळ : आळंदी नदीवरचा जलसेतू

‘वेळेत’ या शब्दाची किंमत महाराष्ट्रातल्या एका खटल्याने फार चांगली दाखवली आहे. १९५५ मध्ये नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणारा जलसेतू बांधण्याचे काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या ठेकेदार संस्थेला मिळाले. मुदत बारा महिन्यांची होती. अतिवृष्टी, कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नसणे अशा अडचणी ठेकेदाराने मांडल्या. मुदत संपली, काम अपुरे राहिले आणि १९५६ मध्ये सरकारने करार रद्द केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १९७९ मध्ये, न्या. तुळजापूरकरांच्या लेखणीतून. बारा महिन्यांच्या कामाचा वाद मिटायला दोन तपांच्या आसपास काळ लागला.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न असा होता : या करारात मुदत हा ‘सार’ होता का? म्हणजे मुदत चुकताच करार मोडण्याचा अधिकार मिळतो का? करारात उशिरासाठी दंडाची तरतूद होती आणि मुदतवाढीचीही. न्यायालय म्हणाले, ज्या करारात उशीर गृहीत धरून त्यासाठी दंड आणि मुदतवाढ ठेवली आहे, तिथे मुदत हाच सार असे सहसा मानता येत नाही. नुसते तसे शब्द लिहूनही भागत नाही. सरकारने आधी वाजवी नवी मुदत देऊन नोटीस द्यायला हवी होती. ती न देता करार रद्द करणे चूक ठरले.

आपल्या शिक्षकांनी यातून काय घ्यावे? पहिले म्हणजे, चिडून दुसरा ठेकेदार लावण्यापूर्वी लेखी नोटीस आणि वाजवी मुदत द्यावी. नाहीतर करार मोडल्याचा दोष त्यांच्यावरच येऊ शकतो. दुसरे, करार अधिनियमाचे कलम ५५ सांगते, की ज्या करारात मुदत हा सार आहे तिथे उशिराने झालेले काम स्वीकारताना ‘उशिराच्या भरपाईचा माझा हक्क राखून ठेवतो’ असे कळवले नाही, तर पुढे ती भरपाई मागता येत नाही. मुदत सार मानली जाईल की नाही याचा भरवसा आधी नसतो. म्हणून चावी घेताना दोन ओळींचे पत्र द्यावेच. भिडेपोटी ते राहून जाते. तिसरे, मुदत एका तारखेत न लिहिता टप्प्यांत लिहावी : जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. हप्तेही त्याच टप्प्यांना जोडावेत. म्हणजे मालकाचे पैसे कामाच्या फार पुढे जात नाहीत आणि मिस्त्रीचे काम पैशाच्या फार पुढे जात नाही.

मुदतवाढ कोणत्या कारणांनी मिळेल हेही लिहावे. पाऊस, मालकाने उशिरा दिलेला हप्ता, नकाशातील बदल ही कारणे सगळीकडे असतात. बीडमध्ये आणखी एक हवे : ऊसतोडीच्या हंगामात मजूर न मिळणे. हे दरवर्षी घडते, म्हणून त्याला अनपेक्षित आपत्ती म्हणता येत नाही. ती ठेकेदाराने आधीच हिशेबात धरायची, की तेवढे महिने वेळापत्रक सैल ठेवायचे, हे नारळ फुटण्यापूर्वी ठरले पाहिजे.

नुकसान किती, आणि आधी सांगितले होते का?

समजा, घर वेळेत न झाल्याने शिक्षकांना मुलीचे लग्न मंगल कार्यालयात करावे लागले आणि भाड्याच्या घरात आणखी सहा महिने राहावे लागले. हा खर्च मागता येईल का?

या प्रश्नाची मुळे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीपर्यंत जातात. गिरणीचा दांडा तुटला, नमुन्यासाठी तो पाठवायचा होता, वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. १८५४ च्या त्या हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यात गिरणीचा बुडालेला नफा मिळाला नाही. दांड्यावाचून गिरणी बंद पडून आहे, ही विशेष परिस्थिती वाहतूकदाराला करार करताना सांगितली गेली नव्हती, असे न्यायालयाने धरले. आपल्या करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे. नेहमीच्या ओघात होणारे, किंवा करार करताना दोघांना माहीत असलेले नुकसान मागता येते, दूरचे नाही.

म्हणून लग्नाची तारीख असेल, बँकेच्या कर्जाचे हप्ते असतील, चालू घराचे भाडे असेल, तर ते करारातच नमूद करावे. एक वाक्य पुरते.

उशिराच्या दर दिवसाला ठरावीक रक्कम लिहिण्याची पद्धत आहे. पण ‘दर दिवशी पाच हजार दंड’ असे लिहिले म्हणजे ते आपोआप मिळतात असे नाही. कलम ७४ आणि सर्वोच्च न्यायालयाचा फतेहचंद खटल्याचा १९६३ चा निकाल यांनुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. धाक घालणारा आकडा लिहिण्यापेक्षा भाड्याच्या हिशेबाने निघणारा आकडा लिहावा. तो टिकतो.

वाढीव काम आणि वाढलेले भाव

‘मिस्त्री, एक खोली वर काढूनच टाका,’ हे वाक्य बांधकामावर चहा पिताना बोलले जाते. तिथे अभियंता नसतो, कागद नसतो. घर झाल्यावर खोलीचे बिल येते आणि शिक्षकांना ते फुगवलेले वाटते.

कायदा इथे ठेकेदाराला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. पश्चिम बंगालमध्ये बी. के. मोंडल यांच्या संस्थेने सरकारी खात्यासाठी आरामबाग येथे गोदामे आणि इतर बांधकामे केली होती. त्यासाठी रीतसर सरकारी करार झालेला नव्हता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ७० चा आधार घेऊन त्यांना मोबदला मंजूर केला : फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पण ‘वाजवी मोबदला’ किती, हे सिद्ध करण्यात वर्षे जातात. त्यापेक्षा करारात लिहावे, की वाढीव कामाला दर आणि वाढीव मुदत यांसह लेखी मान्यता असेल तरच ते बिलात धरले जाईल. भ्रमणध्वनीवरचा संदेशही लेखी मान्यता समजला जाईल, असे लिहिले तर दोघांनाही सोपे पडते.

वाळूचा भाव हे दुसरे दुखणे. लिलाव थांबले की गोदावरी-सिंदफणेच्या काठीही वाळू महागते. भाव वाढले म्हणून ठेकेदाराला करारातून सुटता येते का? अलोपी प्रसाद खटल्यात, १९६० मध्ये, प्रश्न सैन्याला पुरवल्या जाणाऱ्या तुपाचा होता. युद्धामुळे परिस्थिती बदलली तरी काम महाग पडते एवढ्या कारणाने करार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे करार गप्प असेल तर भाववाढ ठेकेदाराच्या डोक्यावर. न्यायाच्या दृष्टीने मालकाला हे सोयीचे वाटेल. पण तोट्यात गेलेला मिस्त्री एकतर काम सोडतो, किंवा सिमेंटचे प्रमाण कमी करतो. म्हणून सिमेंट, लोखंड, वाळू यांचे आजचे भाव करारात नोंदवावेत; ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढले तर फरक मालकाने द्यावा आणि तेवढेच उतरले तर ठेकेदाराने सोडावा.

एक गोष्ट मात्र दोघांच्या सह्यांनी मिटत नाही. परांचीवरून मजूर पडला, तर ‘मालक जबाबदार नाही’ किंवा ‘ठेकेदार जबाबदार नाही’ या ओळींनी त्या मजुराचा हक्क बुडत नाही. तो त्या करारात नव्हताच. भरपाईची जबाबदारी मुख्यतः त्याला कामावर ठेवणाऱ्याची असते. काम सुरू होण्यापूर्वी मजुरांचा विमा काढायचा आणि त्याची प्रत मालकाला द्यायची, ही अट म्हणून माणुसकीचीही आहे.

वाद कुठे न्यायचा?

घर झाल्यावर गळती लागली तर? विकासकाकडून घेतलेल्या सदनिकेला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने रचनेतील दोषांसाठी पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला ते मिळत नाही. तिथे करारात लिहाल तेवढेच. निदान एक पावसाळा, शक्य तर दोन, गळती आणि चिरा यांची दुरुस्ती ठेकेदाराने विनामोबदला करावी आणि तोवर रकमेचा थोडा भाग मालकाने राखून ठेवावा, असे लिहिणे योग्य.

मालकाला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. घरबांधणीची सेवा ग्राहक कायद्यात १९९३ पासून समाविष्ट आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे. ठेकेदाराला मात्र थकलेल्या बिलासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत.

आपल्याकडे चार माणसे बसवून मिटवण्याची जुनी रीत आहे. तिला कायद्याचे बळ द्यायचे तर १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे ती लेखी हवी. ‘वाद झाल्यास अमुक यांचा निर्णय’ असे लिहिताना ते अमुक एकाच्या बाजूचे नसावेत. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दोघांना मान्य असलेला, या घराशी संबंध नसलेला स्थापत्य अभियंता उत्तम.

आणि मुद्रांक? बांधकामाच्या करारावर रकमेप्रमाणे शुल्क लागते. ते कमी भरले असेल तर फरक आणि दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात घेतला जात नाही. मात्र त्यामुळे करार रद्द होत नाही, असे सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. नोटरीचा शिक्का सह्यांची खात्री देतो, अपुऱ्या मजकुराला पूर्ण करत नाही.

नारळ फोडण्याच्या आदल्या संध्याकाळी

हे सारे वाचून वाटेल, एका साध्या घरासाठी एवढा कागद? खरे तर तीन-चार पानांत हे मावते. त्यासाठी शिक्षकांनी आणि मिस्त्रीने एक संध्याकाळ एकत्र बसायला हवे. अवघड भाग तोच आहे. आपल्याकडे करारात वाईटाचा उच्चार अशुभ मानतात. ‘तसं काही होणार नाही, आपण घरचेच’ असे म्हणून विषय टाळतात. पण ती संध्याकाळ ही दोघांच्या नात्यातली सर्वांत चांगली संध्याकाळ असते. अजून कोणी पैसे अडवलेले नाहीत, कोणी काम सोडलेले नाही. पाया नऊ फूट गेला तर काय, हा प्रश्न त्या दिवशी निव्वळ हिशेबाचा असतो; पाचव्या फुटावर पोचल्यावर तो इज्जतीचा होतो.

तेव्हा विचारावे : पाया किती फुटांपर्यंत? मोजायचे काय? पैसे कोणत्या टप्प्याला? दिवाळीनंतर माणसे असतील का? वाळू महागली तर? वाढीव काम कोण लिहून देणार? मजूर पडला तर? गळले तर? आणि एप्रिलमध्ये बोअर आटला, तर स्लॅबवर चौदा दिवस घालायचे ते पाणी कोणाचे?